वरणातून दिसलेली तारीख

सिरसाळ्यात माझं दुकान. एका अंगाला किराणा, दुसऱ्या अंगाला पशुखाद्य. दुकानात मालापेक्षा किस्सेच जास्त साठतात. मालाला निदान कीड लागते, किश्श्यांना तीही लागत नाही! सध्या पडून असलेला सगळा स्टॉक प्रोटीनचा आहे.

माझं जुनं गिऱ्हाईक नामदेव. त्याच्या बायकोचे, मंगलचे, केस मुठीमुठीनं गळायला लागले, पाय सुजले, कापूस वेचताना दोनदा चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, "प्रोटीन कमी आहे. घरात डाळ शिजते का?"

"रोज वरण असतंय की!" नामदेवची आई गयाबाई फणकारली.

"मग हिच्या ताटातलं उद्या बाटलीत घेऊन या."

मंगल सगळ्यांच्या मागून जेवणारी. दर पंगतीला पातेल्यात तांब्याभर पाणी पडलेलं. डॉक्टरांनी बाटली उजेडाला धरली आणि तिच्यातून समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचून दाखवली!

गयाबाई म्हणाली, "बघा, किती स्वच्छ वरण हाय आमचं!"

* * *

मग डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलं. गयाबाईनं बोटांवर वार मोजले. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा. रविवारी माळकरी पाव्हणे येतात. उरला बुधवार.

"मग बुधवारी तरी दिलं का?" मी नामदेवाला विचारलं.

"कुठलं शेटजी! अंडी द्यायची सोडून कोंबडी खुडूक बसली."

* * *

नामदेवानं मेडिकलमधून पावडरचा डबा आणला. डब्यावर उघडाबंब पैलवान. गयाबाई हादरली. "सुनंला असले दंड फुटले तर माज्या लेकराचं कसं व्हायचं रे?"

डबा नामदेवानंच संपवला. म्हणाला, "वाया कावून घालवायचा, शेटजी?"

* * *

हाच नामदेव म्हशीसाठी पेंड न्यायला आला की पोतं उलटंसुलटं करून त्यावरचा प्रोटीनचा आकडा वाचतो. एकदा आकडा कमी दिसला तर माझ्यावरच उखडला. "व्यालेली म्हैस हाय! प्रोटीन कमी पडलं तर दूध आटंल न्हाई का?"

मी म्हटलं, "नामदेवा, अन् मंगल?"

"ती कुठं दूध देती, शेटजी?"

* * *

एका बाजारच्या दिवशी मंगल स्वतः आली. दुकानाच्या पायरीवर बसून आधी दम खाल्ला, मग बोलली.

"शेटजी, डॉक्टर म्हणले असंच चाललं तर अंथरूण धरशील. घरात डाळीचा डबा सासूबाईच्या ताब्यात. पेंडीच्या पोत्याला मात्र घरी आल्यावर माज्याशिवाय कुणी हात लावत न्हाई. दर पोत्यात खाली एक पिशवी घालत जावा. फुटाणे, शेंगदाणे, डाळवं, काय असंल ते."

"आणि नामदेवानं विचारलं तर?"

"म्हैस काय खाती ते त्यांनी कधी बघितलंय?"

* * *

दोन-तीन महिने नामदेव स्वतःच पोती उचलून गाडीवर टाकून नेत होता. परवा आला तो खुशीत. मी मंगलची तब्येत विचारली.

"लई झ्याक! केस गळायचे थांबले, सूज उतरली, दिवसभर वेचणी करती अन् वर माज्यावर आरडती!" मग इकडेतिकडे बघत माझ्या कानाशी आला. "पर शेटजी, एक न्हाई कळलं. पेंड खायली म्हैस, अन् अंगाला लागायली हिच्या!"