रहमत मिस्त्री आणि बिशपची खुर्ची

नेरच्या रहमत मिस्त्रीच्या दुकानात उपदेशक पुंडलिकराव पहिल्यांदा शिरले, तेव्हा म्हणे चालता रंधा आपोआप थांबला, भुश्शातली मांजर दचकून आढ्यावर चढली आणि रस्त्यावरचे बैल पाव मैल मागे सरकले. पुंडलिकरावांचा आवाजच तसा. ख्रिस्ती घरं गावात सात, पण उपदेश अमरावतीलाही फुकट ऐकू जायचा.

"मिस्त्री, बिशपसाहेब येऊन राह्यले! खुर्ची पाह्यजे."

"बिशप म्हंजे कोन?"

"पाद्र्याहीचा पाद्री! नागपुरापासून अठीलोक सारी देवळं त्याहीच्या हाताखाली. बाप्तिस्मा पाद्री देते, पन मंग विश्वास पक्का कराले दृढीकरन करा लागते, त्याले डोक्यावर हात बिशपचाच लागते. आमची अकरा मानसं तीन सालापासून खोळंबून हायेत."

रहमतनं उंच पाठीची सागवानी खुर्ची केली. सवयीनं बसून पाहायला वाकला, तोच पुंडलिकराव गरजले, "हां हां! बिशपच्या खुर्चीवर दुसरं कोनी बसत नसते! कबूल करा."

"कबूल. पन बसलो नाही तं हलते का नाही, कसं कळन?"

"विश्वास ठेवा ना!"

रहमतचा विश्वास खुदावर होता, लाकडावर नव्हता. तीस वर्षांत त्याची एकही खुर्ची हलली नव्हती, कारण प्रत्येकीवर तो आधी स्वतः बसला होता. आता मात्र जबान देऊन अडकला होता. त्यात बिशपांचा दौरा लांबत गेला. एकदा आजारपण, एकदा पुलावर पाणी. १९५९ साली केलेली खुर्ची १९६१ उजाडलं तरी ख्रिस्ती देवळात तशीच रिकामी. रहमत दर आठवड्याला देवळात जाऊन तिच्याभोवती फिरायचा. एकदा त्यानं सरकीचं पोतं ठेवून पाहिलं. "पन पोतं काई चुळबुळ करत नाही," तो घरी येऊन कुरकुरला, "मानूस करते."

"निकाहाच्या वक्ताले बी तुमी इतके तळमळले नोते," बायको जोहराबी म्हणाली.

शेवटी बिशप आले. रहमत खिडकीशी कान लावून उभा. आत गर्दीच्या पाठींपलीकडे काही दिसेना, आणि पुंडलिकरावांच्या गाण्यापुढे काही ऐकू येईना. उपासना संपताच त्यानं पुंडलिकरावांना गाठलं. "हलली काय?"

"मी डोळे मिटून प्रार्थनेत होतो."

त्या अकरा जणांना विचारलं. त्यांच्या माना खाली होत्या. साऱ्या मंडळीत डोळे उघडे ठेवलेला एक माणूस सापडेना!

रहमत जीपकडे धावला. बिशप हसून मराठीत म्हणाले, "फार सुंदर खुर्ची केलीत, मिस्त्री."

"ते जाऊ द्या सायेब, हलली काय?"

जीप सुरू झाली. बिशपांचे ओठ हलले, उत्तर मात्र इंजिननं खाल्लं.

आठ दिवस रहमतला जेवण गोड लागेना. मग त्यानं पुंडलिकरावांकडून नागपूरला पत्र लिहवून घेतलं. मजकूर एका ओळीचा.

पंधरा दिवसांनी बिशपांच्या हातचं पोस्टकार्ड आलं. खुर्ची हलत होती. डावीकडे.