हेमांगी कौलांवर चढते

देवेशच्या घरी दर मे महिन्यात कौलं दुरुस्त व्हायची आणि दर पावसाळ्यात घर गळायचं. त्यात गूढ काही नव्हतं. वसईच्या किनाऱ्याकडच्या त्या वाडीत कौलं चाळणं हे भावकीचं काम. एका रविवारी देवेशकडे, पुढच्या रविवारी धनेशकडे, असे आळीपाळीने चुलतभाऊ जमायचे. पुरुष वर, बायका खाली ओळीने उभ्या राहून कौलं हातोहात पोचवणार, आणि दुपारी कोलंबीचं कालवण नि तांदळाच्या भाकऱ्या. रिवाज छानच हो. पण लग्नं झाली तसे सगळे भाऊ अंगाने सुटले. एक कौल बदलायला गेलेला गडी उतरेपर्यंत दोन-तीन फोडून यायचा. वर एकमेकांना शहाणपण शिकवायचे, कौलांखालच्या लाकडी रिपेवर पाय ठेव, रिपेवर. ठेवत एकही नव्हता.

देवेशची बायको हेमांगी हे सगळं खालून बघत आली होती. ती बोळिंजच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. माहेरी डोक्यावर छप्पर म्हणजे वरच्या बिऱ्हाडाची लादी. अंगाने काडी, पण जीभ तिखट. ओटीवर तिचं शिलाईचं मशीन होतं, तिथे ती ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायची. यंदा मात्र शेजारच्या ॲन्सेल्मने मुलीच्या लग्नाचा गाऊन तिच्याकडे दिला होता. पांढरंशुभ्र सॅटिन, मागे हा एवढा घोळ. असं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं आणि ते बिघडलं तर दुसऱ्यांदा मिळणार नव्हतं. शनिवारी चर्चमध्ये लग्न.

बुधवारी मोती टाकताना तिने सहज वर पाहिलं, तर बरोबर टेबलाच्या वर कौलांत उजेडाचे ठिपके. भावकीने नुकताच स्वयंपाकघराचा गळका कोपरा दुरुस्त केला होता. तिथे जाता-येता ओटीचं छप्पर तुडवलं, दुसरं काय! कौलांतून ठिबकणारं पाणी शेवाळ-धूळ घेऊन चहासारखं उतरतं. सॅटिनवर एक थेंब पडला की संपलं. तिने देवेशला सांगितलं. तो म्हणाला, रविवारी बघू. म्हणजे लग्न लागल्यावर.

गुरुवारी सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर वादळाचा इशारा वाजला. देवेश माणिकपूरला ऑफिसात निघून गेला होता. भाऊही कामावर. गाऊनचा एवढा घोळ पसरायला घरात दुसरी जागा नव्हती. हेमांगीला रडूच यायला लागलं, मग रडण्याचाच राग आला. तिने साडी सोडून जुना पंजाबी ड्रेस चढवला आणि शिडी भिंतीला लावली.

सासूबाई, शांताबाई, अंगणात आल्या. सुनेला कौलांवर चढलेलं त्या घराने कधी पाहिलं नव्हतं.

"पडलीस तर मी उचलणार नाही," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.

हेमांगी छपरावर पहिल्यांदाच चढत होती. पण खालून ऐकलेलं सगळं तोंडपाठ होतं. एका कौलावर दुसरं चढतं तिथे खाली रीप असते. पाय तिथेच टाकायचा. मांजरासारखी सरकत तिने पन्हळीतला जांभळाचा पाचोळा उपसला, शेवाळ खरवडलं, वरचं कौल अलगद उचलून तडकलेलं खालून काढलं, नवं सरकवलं. ओटीवरची सगळी बदलून झाली तेव्हा अंगाखाली एकही कौल वाजलं नव्हतं. तिला इतका आनंद झाला की उतरावंसंच वाटेना. समुद्राकडून काळं भरून येत होतं, तरी ती थोडा वेळ आढ्याजवळ टेकून बसलीच.

वादळामुळे ऑफिस लवकर सुटलं आणि देवेश जेवायला घरी आला. ऐकून त्याचा चेहरा पडला. तुला काय कळतं त्यातलं, एकदा नजर टाकतो म्हणाला. हेमांगीने हात जोडले, शांताबाईंनी दटावलं, पण साहेब चढलेच. सगळीकडे फिरले, इथे दाबून बघ, तिथे ठोकून बघ. खाली आल्यावर म्हणाले, बरं केलंयस.

चारच्या सुमाराला वादळ आलं. माडांनी माना टाकल्या, केळी आडव्या झाल्या, छपरावर पाण्याचा नुसता कल्लोळ. हेमांगी मशीनसमोर बसली होती. वर बघायचा धीर होईना. मग बघितलं. ठिपका नाही, थेंब नाही. तिने पाय मशीनवर ठेवला आणि उरलेली झालर शिवायला घेतली.

इतक्यात आतल्या खोलीतून आरोळी आली. देवेश आडवा झाला होता, आणि छप्पर बरोबर त्याच्या पोटावर गळत होतं. शांताबाई पदर तोंडाला लावून हसत बादली घेऊन धावल्या. ओला बनियन चिमटीत धरून तो ओटीच्या दारात आला. गाऊन टेबलावर कोरडा, पांढरा लखलखीत पसरला होता. तो गाऊनकडे बघत राहिला, मग वर कौलांकडे.

"उद्या सकाळी बदलते मी," हेमांगी मशीन न थांबवता म्हणाली. "तुम्ही फक्त शिडी धरा."