बिनवासाची

नसरा गल्लीत शिरायच्या आधी तिच्या उदाच्या अत्तराचा वास शिरायचा. आमच्या या अरबी किनाऱ्यावरच्या सूर गावातल्या बाकीच्या बायका गुलाबाचं नाहीतर कस्तुरीचं काहीतरी हलकंसं लावतात. ही लावायची तो हिंदी ऊद, तुमच्या आसामच्या लाकडाचा, पहिल्या झटक्याला गोठ्यासारखा उग्र. नवख्या बाईच्या नाकाला झोंबायचाच. पण तीच बाई घरी जाऊन दुसऱ्या दिवशी ओढणी उलगडायची, तेव्हा घडीतून जुन्या लाकडाचा असा मऊ वास यायचा की तिला पुन्हा नसराकडे जावंसं वाटायचं. नसराचा स्वभावही तसाच, म्हणा. तोंडावर फाडकन बोलणार आणि मागाहून गुपचूप कालवणाचं पातेलं पाठवणार. तिचा नवरा मुबारक म्हणायचा, "बायको हरवली तर पोलिसात कशाला जाऊ? वाऱ्याला विचारीन."

तो मुबारक गेला. मासळीच्या लिलावातून घरी आला, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. नसरा इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही, काजळ नाही, आणि अत्तर तर नाहीच नाही. उदाची कुपी तिनं आपल्या हातानं फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी घातली आणि धुपाटणं पालथं करून ठेवलं.

आणि मग वेगळीच पंचाईत झाली. आमच्याकडे धुपाटणं फिरलं की पाहुण्यांनी उठायचं, हे कुणाला सांगावं लागत नाही. इथे धुपाटणंच नाही, तर उठायचं कधी? समाचाराला आलेल्या बाया दुपारी बसल्या की दिवे लागेपर्यंत बसून राहायच्या. बिचाऱ्यांचाही नाइलाज होता. नसराची कंबर धरायची, डोळे मिटायचे. शेवटी शेजारची शेखा कहव्याचे पेले गोळा करत म्हणायची, "धुराची वाट बघताय होय? यंदा धूर नाही. उठा आता."

खरी गोची झाली ती सासूपाशी. सलामाआत्याचे डोळे केव्हाच गेलेले, कानही अर्धेमुर्धे. माणसं ती नाकानं ओळखायची. मुलगा म्हणजे मासळी आणि साबण, शेखा म्हणजे वेलदोडा, सून म्हणजे ऊद. समाचाराची गर्दी ओसरली तशी नसरा भाताचं ताट घेऊन तिच्याजवळ बसली. म्हातारीनं तिचं मनगट धरलं, नाकाशी नेलं आणि ढकलून दिलं.

"कोण गं तू?"

"मी नसरा, आत्याबाई." रडून रडून तिचा आवाजही बसला होता.

"मला शिकवू नकोस. नसरा आली की मला शिंक येते. नवरा मेला तशी माहेरी पळाली ना ती? आणि तुला ठेवलंय इथं कामाला."

"इद्दत आहे, आत्याबाई. ऊद लावत नाही."

"अनोळखी हातचं मी खात नाही," म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

शेखानं समजावलं. तिला ऐकून घ्यावं लागलं, "तुझंही नाक गेलं वाटतं." म्हातारी एखादा खजूर चघळायची, पाणी प्यायची, बस. गालफडं बसली. शेखा काकुळतीला आली. "एक थेंब लाव गं कानामागे. म्हातारी मरेल. कुणाला कळतंय?"

"गल्लीच्या टोकाला कळेल. हिंदी आहे तो," नसरा म्हणाली. मग ताट झाकत म्हणाली, "मुबारकसाठी आता एवढंच करता येतंय मला. तेही मोडू?"

तिच्यात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती ताट घेऊन बसली आणि सरळ म्हणाली, "हो, मी कामाला आलेय. नसराबाईंनी ठेवलंय."

"मग आधीच सांगायचं की," म्हातारी म्हणाली आणि तिनं तोंड उघडलं.

तेव्हापासून नसरा स्वतःच्याच घरात मोलकरीण झाली. म्हातारी हाक मारायची, "ए बिनवासाची, ये इकडे." ही जायची, वेणी घालायची, पाय चेपायची आणि स्वतःच्याच चहाड्या ऐकायची. नसरा कशी तोंडाळ, नसरानं मुबारकला कसं मुठीत ठेवलं, आणि आता बघ, मेल्यावर फिरकलीसुद्धा नाही. एरवी हिनं एकाला दोन ऐकवली असती. आता नुसती ऐकायची. मुलाचं नाव निघालं की म्हातारी रडायची आणि हीही रडायची.

"तू का रडतेस? तुझा कोण लागत होता?"

"तुम्ही रडता म्हणून."

म्हातारी मग तिच्या पाठीवरून हात फिरवायची. इतक्या वर्षांच्या संसारात सासूनं नसराच्या पाठीवरून असा हात कधी फिरवला नव्हता. पण ते सुख तिचं नव्हतंच, त्या दुसरीचं होतं. ऊद लावला की आत्याबाई मला ओळखतील, मग आम्ही दोघी मिळून त्याच्यासाठी रडू, एवढ्याच आशेवर ती दिवस ढकलत होती.

इद्दत संपली. नसरा न्हाली, नवे कपडे धुरावर धरले, कानामागे, मनगटाला, वेणीला ऊद लावला आणि सासूपुढे जाऊन बसली. म्हातारीला सणकून शिंक आली.

"आलीस?"

"आले, आत्याबाई."

"माझा मुलगा मातीत गेला आणि तू माहेरी बसलीस. ती परकी पोर रडली माझ्याबरोबर. तू नाही." म्हातारीनं ताट बाजूला सारलं. "तिला बोलाव. मी तिच्याच हातचं जेवेन."

नसरा उठली. मोरीत जाऊन साबणानं मनगटं घासली, मान घासली, कातडी लाल झाली. हिंदी ऊद तो, असा जातोय थोडाच. तिनं ओले हात पुसले. मग पुन्हा आत येऊन बसली.

"ती गेली, आत्याबाई. आपल्या गावी."

म्हातारीनं विचारलं, "रिकाम्या हातानं पाठवलीस?"

"नाही."

"तुझा तो ऊद द्यायचास थोडा. बिचारीला स्वतःचा असा वासही नव्हता गं."

"दिला," नसरा म्हणाली आणि तिनं घास पुढे केला.