बाबांची पट्टी

चष्म्याच्या दुकानात तिला सगळे ताई म्हणत, अगदी तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले मालक काकासुद्धा. सोळा वर्षं ती लोकांचे नंबर काढत होती. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, काचा बदलत "हे बरं की हे?" विचारत राहायचं, आणि समोरचा गोंधळला तरी आपण गोंधळायचं नाही. तिचा हात असा बसला होता, की आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर तिचा कागद न वाचताच सही ठोकून मोकळे होत. ती सही तिला सलायची. काम हिचं आणि नाव दुसऱ्याचं. शेवटी एक्केचाळिसाव्या वर्षी तिनं मनाशी पक्कं केलं, की डोळे तपासण्याची पदवी घ्यायची आणि कागदावर सही आपली करायची.

नवरा मालट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यानं फोनवर "कर की" म्हटलं आणि गाडीला किल्ली मारली. काकांनी दुकानाची वेळ तासाभरानं पुढे ढकलून दिली. उरली मुलगी. ती अकरावीत होती, तिलाही पुढे प्रवेश परीक्षा द्यायचीच होती, तेव्हा एकाच टेबलावर समोरासमोर बसून मायलेकी अभ्यासाला लागल्या.

रविवारच्या क्लासमधल्या पहिल्या सराव परीक्षेत ताईला दोनशेपैकी एकाहत्तर गुण पडले. राग यायचं कारण असं, की उत्तरं तिला येत होती. सतराव्या प्रश्नाचं उत्तर तिनं अठराव्याच्या गोलात भरलं आणि तिथून पुढची अख्खी रांग एक घर खाली सरकली. सर म्हणाले, घाई करता तुम्ही. पुढच्या रविवारी तिनं मुळीच घाई केली नाही, तरी तेच झालं.

धांदरट झाले आहे मी, असं तिनं स्वतःला चार वेळा सुनावलं. खोटं नव्हतं ते. दुकानातल्या बुटक्या स्टुलावर आपटून तिची नडगी काळीनिळी झाली होती. मनगट लागून टेबलावरचे दोन पेले फुटले होते. दुकानाची शेवटची पायरी तर हल्ली मुद्दाम दबा धरून बसल्यासारखी तिला चकवत होती. अभ्यास डोक्यात घोळतो, दुसरं काय, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. डोळ्यांवर संशय तिला कसा यावा? रोज सकाळी दुकान उघडलं, की ती अक्षरांच्या तक्त्याचा दिवा लावायची, समोरच्या भिंतीला टेकायची आणि एकेक डोळा झाकून शेवटची ओळ वाचायची. सोळा वर्षांत एक अक्षर चुकलं नव्हतं. नंबर काढणाऱ्या बाईचा तक्त्यावर विश्वास नसेल, तर कुणाचा असणार?

मग तिला बाबांची पट्टी आठवली. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. फूटभर लांबीची काळी लाकडी पट्टी ओळीखाली धरायची आणि ओळ संपली की ती खाली सरकवायची, अशी त्यांची पद्धत. घरी वर्तमानपत्रही ते तसंच वाचत. माणूस शिस्तीचा, असं सगळे कौतुकानं म्हणत. पुढे पुढे ते जिना उतरतानाही एकेक पायरी पायानं चाचपत मोजायला लागले, तेव्हा पोरं हसायची, की बाबा पायऱ्यांची हजेरी घेतात. एका दुपारी त्या जिन्यावरूनच ते पडले आणि पुन्हा उठले नाहीत. म्हातारपण, असं लोक म्हणाले. तेव्हा त्यांना साठही पुरी झाली नव्हती.

पट्टी ट्रंकेत होती. तिची एक कड बाबांच्या अंगठ्यानं गुळगुळीत झाली होती. ताईनं ती उत्तरपत्रिकेवर आडवी ठेवली आणि रांगा सरकायच्या एकदम थांबल्या. एकशे तीस गुण आले, मग एकशे अठ्ठावन्न. सरांनी वर्गाला तिचा दाखला दिला आणि सगळ्यांना पट्ट्या आणायला लावल्या. पोरं तिला पट्टीवाली ताई म्हणू लागली आणि ती खूश झाली. तिनं मुलीलाही प्लॅस्टिकची पट्टी आणून दिली. मुलीनं आधी नाक मुरडलं. पण महिन्याभरात तिचेही गुण वाढले, तेव्हा आजोबांचा गुण नातीत उतरला असं ताई चारचौघांत सांगत सुटली.

प्रवेश परीक्षेत ताई नववी आली. काकांनी दुकानाच्या काचेवर तिचं नाव मोठ्या अक्षरांत लावलं. कॉलेजातही पट्टी तिच्यासोबत गेली. एकदा वर्गाकडे निघालेली असताना ती जिन्यात मधेच थबकली, कारण आपण पायऱ्या मोजतोय हे तिच्या ध्यानात आलं. अकरा झाल्या होत्या. असं कोण मोजायचं, हे आठवायच्या आत घंटा झाली आणि ती कठडा धरून वर गेली.

त्या दिवशी काचबिंदूचा धडा होता. मॅडमनी सांगितलं, की हा रोग दुखत नाही, डोळा लाल करत नाही. समोरचं बरीच वर्षं स्वच्छ दिसतं, तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता येते. नजर मात्र कडेनं गुपचूप कुरतडली जाते. माणूस ठेचकाळतो, ओळ चुकतो आणि वयाला दोष देतो. बरेचदा घराण्यात चालत येतो. ताईनं हे सगळं सुंदर अक्षरात उतरून घेतलं आणि पट्टी धरून 'घराण्यात' या शब्दाखाली रेघ मारली. त्या धड्याच्या चाचणीत तिला वीसपैकी वीस पडले.

पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिक होतं. नजरेचा घेर मोजायचं यंत्र म्हणजे आतून पांढरा, भलामोठा वाडगा. त्यात तोंड घालून मधल्या खुणेकडे बघत राहायचं आणि कुठेही ठिपका उजळला की हातातलं बटण दाबायचं. मुलींनी एकमेकींचे डोळे तपासायचे होते. ताईच्या वाट्याला तिच्या लेकीहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी जोडीदारीण आली. ताईनं हनुवटी टेकवली. वरच्या अंगाला चार ठिपके दिसले, पाच दिसले, तिनं चटचट बटण दाबलं. मग काहीच येईना. ती शहाण्या मुलीसारखी वाट बघत राहिली.

"अगं, मशीन बंद पडलं का? ठिपके येत नाहीत."

जोडीदारणीनं यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "ताई, येतायत. कधीपासून येतायत."

 ताईनं डोकं उचललं नाही. दुसरा डोळा तपास, म्हणाली. मग यंत्रातून कागद आला. दोन्ही डोळ्यांच्या चित्रांत खालचा अर्धा भाग काळा होता. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. थेंब आजच सुरू करायचे, त्या म्हणाल्या, गेलं ते परत येत नाही, पण उरलेलं बरीच वर्षं राखता येतं, आणि पदवी सोडायचं कारण नाही. ताई मान हलवत होती. मग मॅडमनी विचारलं, घरात आणखी कोण आहे? मुलं?

ती घरी कशी पोचली हे तिला सांगता आलं नसतं. संध्याकाळचं ऊन टेबलावर आलं होतं. मुलगी पुस्तकावर वाकली होती आणि तिच्या अंगठ्याखाली ती प्लॅस्टिकची पट्टी होती. ताईनं ती ओढून घेतली.

"मोठ्यानं वाच."

"का गं?"

"वाच."

पहिली ओळ तिनं झरझर वाचली. ओळीच्या टोकाशी पोचली आणि अडखळली. तिनं पानावर बोट टेकवलं, ते वर नेलं, खाली आणलं, आणि वैतागून हात पुढे केला.

"दे ना ती पट्टी, आई. पुढची ओळ सापडत नाही."

सवय असेल, ताईनं स्वतःला समजावलं, आपणच लावलेली सवय असेल. तिच्याजवळ सांगायला दुसरं काही नव्हतं. तिनं पट्टी पदराआड धरली आणि मुलीला चपला घालायला सांगितलं. मॅडम सहापर्यंत कॉलेजात असत.