उंबऱ्यावरची गोदाबाई

अकोल्याच्या हेमचंद्र डॉक्टरांच्या दवाखान्यात रोग्यासाठी एकही खाट नव्हती, आणि याच गोष्टीवरून चिंचखेडच्या लोकांनी त्यांची मनसोक्त टर उडवली. सकाळी कापायचं अन् संध्याकाळी घरी पाठवायचं! असं कुठं आपरेशन असतं का? आपरेशन म्हणजे कसं, माणूस पंधरा दिवस पडला पाहिजे, सोयऱ्यांनी दवाखान्याच्या आवारात तीन दगडांची चूल मांडली पाहिजे, आणि निदान एकदा तरी सगळ्यांनी मिळून रडलं पाहिजे. त्याशिवाय गावाला ते खरंच वाटत नसे.

या दवाखान्याची बाजू घेणारं गावात एकच माणूस होतं, गोदाबाई. तोंडानं फाटकी आणि मनानं सरळ. तिच्या पाठीवरची लिंबाएवढी गाठ डॉक्टरांनी एका सकाळी काढून दिली होती. तेव्हापासून विहिरीवर कोणी नवी बाई दिसली की ही पाठ फिरवून व्रण दाखवायची. "हे पाय वं! सकायी कापली अन् सांजच्याले भाकरी थापल्या म्या." लोक तिला डॉक्टरची दलाल म्हणायचे. ती म्हणायची, "हाव, हाय दलाल! आन तुया नवऱ्याले, त्याचीबी दलाली घेतो." लोकांना त्याची मजा वाटे. पण ही बाई एवढी का पेटून बोलते, हे विचारायची हिंमत कोणी केली नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तिचा नवरा खुशालराव अंतर्गळानं, म्हणजे हर्नियानं, गेला होता. मृगाच्या तोंडावर त्याचं दुखणं वाढलं. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं की आपरेशन करा, पंधरा दिवस खाटेवर राहावं लागेल. घरच्या ओसरीवर बैठक बसली. थोरला भाऊ महादेवराव म्हणाला, "पेरनी होऊ द्या, मंग पाहू." खुशालरावनं मान डोलावली. त्या घरात दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गोदाबाई दाराआड पदर ओढून उभी होती. भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बाईनं तोंड उघडायचं नाही, ही तिथली रीत. तिनं उघडलं नाही. पेरणी अर्ध्यावर आली आणि खुशालरावचं आतडं अडकलं. तिफणीमागं चालता चालता तो पेरणीच्या ओळीतच पडला, आणि गाडी अकोल्याला पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

पुढल्या साली हेमचंद्र डॉक्टर अमरावतीची नोकरी सोडून अकोल्यात आले, आणि अंतर्गळ झालेल्या माणसाला तेवढाच भाग सुईनं बधिर करून, टाके घालून, संध्याकाळी आपल्या जुन्या मोटारीतून हळूहळू घरी पोचवू लागले. गोदाबाईनं हे ऐकलं त्या दिवशी ती जेवली नाही. एक वर्ष! एक वर्ष आधी हा माणूस का नाही आला?

आणि मग तिचा धाकटा दीर पुंजाराम तेच दुखणं घेऊन बसला. नवे पैसे बाजारात आले त्या साली, कपाशीची वेचणी सरता सरता. पुंजारामची बायको जमुना भित्री, महादेवराव तर या बिनखाटेच्या दवाखान्याचं नाव काढू देत नव्हता. पण महादेवराव चार दिवस मोझरीला आश्रमात गेला आणि गोदाबाईनं डाव साधला. पुंजारामला अकोल्याला नेलं, आपरेशन करवलं, आणि दिवेलागणीला मोटार घरासमोर आणून उभी केली. पुंजाराम आधारानं का होईना, आपल्या पायांनी घरात गेला.

काय तो तोरा त्या रात्री! गोदाबाई गल्लीभर फिरली. "जा, जा, पाहून या! कापलेला मानूस घरी हाय म्हना!" सकाळ झाली तशी वडीलधारी माणसं एकेक करून यायला लागली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दवाखान्यात भेटायला गेलं तर रोगी पडून असतो, त्याच्याकडून कोणी काही अपेक्षा करत नाही. पण घरी? घरी वडील माणूस दारात आलं की धाकट्यानं उठायचं, वाकायचं, पायांवर डोकं ठेवायचं. त्यात मरणाच्या दारातून परत आलेला माणूस, त्यानं तर आशीर्वाद घ्यायलाच हवा. पुंजाराम मोठा रीतीचा. प्रत्येकासाठी उठला, प्रत्येकापुढं वाकला. डॉक्टरांनी वाकू नको म्हणून बजावलं होतं, पण नमस्काराला कोणी वाकणं म्हणतं का? दुपारी धोतर रक्तानं भिजलं तेव्हा जमुनानं हंबरडा फोडला.

सांगावा गेला, डॉक्टर आले. टाके पुन्हा घातले. हात धुता धुता ते गोदाबाईला म्हणाले, "बाई, माझ्या दवाखान्यात खाट नाही, हे खोटं आहे. खाट घरोघरी आहे. फक्त तिथं दारावर राखणीला कोणी बसलेलं नाही. आणखी एकदा हा वाकला, नाहीतर बैलगाडीत हिंदकळला, तर आतली शिवण उसवेल. मग मी आलो काय आणि न आलो काय."

डॉक्टर गेले. जमुना भिंतीला टेकून म्हणाली, "तुमचा तं गेला, बाई. आता मायाबी धाडता का?"

गोदाबाईला वाटलं, धरणी दुभंगावी. तिनं दार लोटून घेतलं आणि उंबऱ्यावर बसून राहिली. येईल त्याला परत पाठवलं. शेजारपाजारचे बडबडत गेले. तो दिवस निभला.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर कोणीतरी ओरडत आलं, "दादा आले! अकोल्यालेच समजलं त्याइले. दमणी घेऊन येऊन राहिले!"

आतून पुंजारामचा आवाज आला, "वयनी, दादा येऊन राहिले काय? मले उठून बसवा."

"उठाचं नाई, भाऊजी."

"दादा दारात अन् मी लोळत पडू? लोक थुंकतीन ना मायावर!"

"थुंकू द्या," गोदाबाई म्हणाली. पण दुनिया अडवता येईल, दादाला कसं अडवायचं? ज्या माणसासमोर आपण आजवर चेहरा उघडा केला नाही, त्याला काय सांगणार? आणि सांगितलं तरी तो ऐकेल थोडंच!

दमणी येऊन थांबली. बैलांच्या तोंडाला फेस होता. महादेवराव उतरला. उंच, गोरा, अंगावर आश्रमातून आलेले पांढरे कपडे तसेच. त्याच्यामागं अर्धं गाव. तो गोदाबाईकडं न बघता, तिथल्या एका म्हाताऱ्या बाईकडं बघून बोलला, कारण भावजयीशी तो सरळ कधी बोलत नसे.

"तिले म्हना, बाजूले हो. मी पुंजाले घेऊन जातो. अकोल्याच्या ठेसनावर नेतो, तिथून बडनेरा, अन् अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात खाटेवर टाकतो. तिथं खाट हाय, नर्शी हायत. या बिनखाटेच्या दुकानाले तं मी टाळा लावतो."

खरं सांगायचं तर त्याचं काय चुकलं होतं? एक भाऊ गेला होता, दुसरा जाऊ बघत होता. गाडीवाटेवरच्या काळ्या मातीत चाकांनी हातभर खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या, त्यांतून दमणी कशी उसळते हे मात्र रागाच्या भरात त्याच्या ध्यानात आलं नाही.

"दादा!" आतून पुंजारामनं हाक मारली. बाज करकरली.

तो आवाज ऐकला मात्र, गोदाबाईनं एक गोष्ट केली. डोक्यावरचा पदर तसाच ठेवून ती उंबऱ्यावर आडवी पडली, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत.

"अगं बाई!" बायकांनी तोंडावर हात घेतले.

"दादाजी," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलत होती, आणि तेही जमिनीवर पडून. "जायचं असन तं मले ओलांडून जा."

गावात सगळं चालतं, पण जित्या माणसाला ओलांडून कोणी जात नाही. ओलांडलं की त्या माणसाचं आयुष्य खुंटतं, हे पोरासोरालाही ठाऊक असतं. महादेवरावचा पाय वर उठला आणि तिथंच थांबला. चेहरा लालबुंद झाला.

"कोनी उचला वं हिले!" तो गरजला.

दोघी बायका पुढं झाल्या. गोदाबाईनं चौकट धरली. एकीनं पाय ओढले, एकीनं दंड. ओढणारीची बांगडी फुटून गोदाबाईच्या मनगटातून रक्त आलं, तरी तिनं हात सोडला नाही. आणि तेवढ्यात आतून जमुना किंचाळली. तीच जमुना, जिनं काल तोंडावर शाप दिल्यासारखं बोलून टाकलं होतं.

"दादाजी, बोलू नका! तुमचा आवाज आयकून हे उठून राहिले! मायानं धरवत नाई! पायाले हात लावतो म्हनतेत! बोलू नका ना, बापा!"

महादेवराव गप्प झाला. बायकांचे हात सुटले. आत बाज पुन्हा करकरली. पुंजाराम कण्हला, आणि जमुनाचं मुसमुसणं ऐकू आलं. महादेवराव दारासमोरच मटकन खाली बसला, धुळीत, पांढऱ्या कपड्यांनिशी. आपली हाक आपल्याच भावाच्या जिवावर उठली आहे, हे त्याला आत्ता कुठं कळलं.

मग तो हळू, अगदी पोराशी बोलावं तसा बोलला.

"पुंज्या. झोप, बाबू. माया गयाची आन हाय तुले. माया आशीर्वाद इथूनच घे. सात दिवस उठला तं मायं मेलेलं तोंड पाहशीन."

शेवटी आतून जमुनाचा आवाज आला, "टेकले. पाठीवर टेकले. कपडा कोरडा हाय."

गोदाबाईच्या डोळ्यांना धार लागली. पण ती उठली नाही. महादेवराव आणि ती, दोघं आता एका उंचीवर होते, तो बसलेला, ती पडलेली, मध्ये हातभर अंतर. त्यानं तिच्या रक्ताळलेल्या मनगटाकडं पाहिलं आणि तिला पहिल्यांदा नावानं हाक मारली.

"गोदा. खुशालच्या वक्ती काहून नाई पडली अशी आडवी?"

तो टोमणा नव्हता. त्याचा आवाज फाटला होता. गोदाबाईनं पदर तोंडावरून मागं सारला आणि भासऱ्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

"त्या दिवशी तुमी बोलून राहिले होते, दादाजी. अन् मी दाराआड उभी होतो."

महादेवरावनं मान खाली घातली. पेरणी होऊ द्या, मग पाहू. ते शब्द त्याचेच होते, आणि इतकी वर्षं ते त्याला कोणी परत केले नव्हते. थोड्या वेळानं तो उठला. दमणीचे बैल सोडायला सांगितले, पागोटं काढून खुंटीला अडकवलं, आणि म्हणाला, "उठ. हाताले हयद लाव. अन् जमुनाच्या पोटात काही घाल, कालपासून उपाशी असन ते."

"मंग इथं कोन बसन?"

"मी बसतो," महादेवराव म्हणाला, आणि ती उठताच तिच्या जागी उंबऱ्यावर जाऊन बसला.