फ्लावियाचा चेहरा

मोमीनपुऱ्यातल्या अमीन शिकलगारांनी आयुष्यात इतके मराठे सरदार रंगवले होते की पुरुषाचा चेहरा काढायला घेतला की कुंचल्यातून मिशी आपोआप उतरायची. ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांसाठी नारायण पेठेतले प्रकाशक श्यामसुंदर केतकर त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे जात नसत. उधळलेला घोडा, उपसलेली तलवार, मागे किल्ला आणि बुरुजाशी डोक्यावरून पदर घेतलेली, नथ-चंद्रकोर ल्यालेली एक स्त्री, एवढं जमलं की केतकर ‘छान’ म्हणत आणि चित्र छपाईला धाडत. पुस्तक अमीन वाचत नसत. केतकरही वाचत नसावेत असा लेखकांचा समज होता. काम मात्र वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं.

१९८३ साली या सुरळीत कामात रोम शिरलं.

इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या विजयमालाबाई दीक्षितांनी फ्लाविया नावाच्या रोमन विधवेवर कादंबरी लिहिली होती. नवरा गेल्यावर नातेवाईक तिचं दुसरं लग्न ठरवतात, ती ते मोडते आणि नवऱ्याची जहाजं स्वतः चालवते. अमीननी नेहमीप्रमाणे एक सैनिक काढून आणला. शिरस्त्राण झकास होतं. त्याखाली कल्लेदार मिशी होती.

“रोमन लोक दाढीमिशी काढत,” विजयमालाबाई म्हणाल्या.

“मग हा शूर आहे हे कळायचं कसं?” अमीननी विचारलं.

“कळू नये. मला तो नकोच आहे. कादंबरी फ्लावियाची आहे, तिला काढा.”

अमीननी फ्लाविया काढली. बाईचा चेहरा काढायला त्यांना समोर कुणी बसवावं लागत नसे. त्यांच्या हाताला एकच चेहरा ठाऊक होता, तो त्यांच्या बायकोचा. लग्न झालं त्या वर्षीची रझिया. राण्या, सरदारांच्या लेकी, किल्लेदारांच्या बायका, सगळ्या तीच होती. हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण नथ, कुंकू आणि पदर यांतून चेहऱ्याला फारशी जागाच उरत नसे. रझियालाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटलं नव्हतं.

फ्लावियाला नथ नव्हती, कुंकू नव्हतं, पदर नव्हता. चित्र पुरं झाल्यावर अमीननी पाहिलं, तर समोर उघड उघड रझिया होती. पण तारीख जवळ आली होती. त्यांनी चित्र कागदात गुंडाळलं.

विजयमालाबाईंनी ते बराच वेळ पाहिलं. “सुंदर आहे. पण ही पंचविशीची आहे. माझी फ्लाविया पंचावन्नची.”

अमीननी तिथेच केसांत पांढरा रंग ओढला, कपाळावर दोन रेघा दिल्या.

“आता ही गिरणीतून दळण घेऊन आलेली पंचविशीची बाई दिसते,” विजयमालाबाई म्हणाल्या.

केतकरांनी चष्मा काढला. प्रकाशनाच्या निमंत्रणपत्रिका वाटून झाल्या होत्या आणि शनिवारी चित्र छापखान्यात गेलं नाही तर समारंभात प्रमुख पाहुण्यांच्या हाती प्रकाशित करायला नुसता पुठ्ठा येणार होता. “एका कॅलेंडरवाल्याकडे सिंह तयार आहे,” ते म्हणाले. “रोममध्ये सिंह होतेच. आणि सिंहाचं वय कुणी विचारत नाही.”

“सिंह छापलात तर कादंबरी मी परत नेईन,” विजयमालाबाई म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता, म्हणून केतकर घाबरले.

“अमीनभाई, शनिवारी पंचावन्नचा चेहरा आणा. कुठूनही आणा.”

कुठून आणायचा हे अमीनना ठाऊक होतं. तो चेहरा रोज त्यांच्यासमोर ताट वाढत होता. अडचण एवढीच होती की गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी तो नीट पाहिला नव्हता. त्यांनी कागद घेतला, पेन्सिल टेकवली, आणि हातातून पुन्हा पंचविशीच आली.

रात्रीचं जेवण होताना त्यांनी विषय काढला. रझिया महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवी. घरात दोघं दखनीत बोलत, पण भांडायचं असलं की ती मराठीत येई, कारण त्या भाषेत तिची चूक काढण्याची अमीनची टाप नव्हती.

“एका चित्रासाठी समोर बसावं लागेल,” अमीन म्हणाले. “खिडकीशी. फार वेळ नाही.”

रझियाने त्यांच्या ताटात भात वाढला. “आजवर कधी बसवलं नाहीत,” ती म्हणाली. मराठीत म्हणाली.

अमीनचा घास हातात राहिला.

“आमच्या शाळेतल्या कुलकर्णीबाई कादंबऱ्या वाचतात,” ती पुढे म्हणाली. “मागे एकदा पुस्तक दाखवून म्हणाल्या, रझियाबाई, ही किल्लेदारीण थेट तुमच्यासारखी दिसते हो. मी म्हटलं, माझ्यासारखी कशी दिसेल, माझा कुठे किल्ला आहे.”

“तू मला बोलली नाहीस.”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले. मग पुढची आली. त्याच्या पुढची आली. मी आपलं मोजायचं सोडून दिलं.” तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. “तरुण होते तेव्हा न विचारता घेतलात. आता म्हातारा झालेला चेहरा हवा, तर विचारायला आलात. यात मी खूश कशाने व्हायचं ते सांगा, होते.”

‘कादंबरी अडली आहे’ हे खरं होतं, पण या क्षणी ते तोंडातून काढणं म्हणजे ताट उचलून जाण्यासारखं होतं. त्यांनी वाढलेला भात संपवला.

दुसऱ्या दिवशी घरात फक्त कामापुरते शब्द होते. रझिया खिडकीशी बसून वह्या तपासत होती. अमीन दाराआड उभे राहिले आणि त्यांनी हळूच पाठकोऱ्या कागदावर रेघ ओढली. गालाचं हाड, ओठाजवळची घडी. चेहरा उतरायला लागला होता.

“मान जरा डावीकडे करू का?” रझियाने वर न बघता विचारलं.

अमीननी कागद चुरगळला. त्यांना केतकर आठवले, निमंत्रणपत्रिका आठवल्या. शनिवार उद्यावर आला होता. सिंह घ्या असा निरोप पाठवावा म्हणून त्यांनी चपला पायात घातल्या.

“कुठे निघालात?”

“केतकरांना सांगून येतो. जमत नाही म्हणून.”

“त्या लेखिकाबाई काय करतील?”

“पुस्तक परत नेतील.”

“काय आहे त्यात?”

अमीननी पुस्तक वाचलं नव्हतं, पण विजयमालाबाईंनी दोन वेळा गोष्ट ऐकवली होती. त्यांनी दारात उभ्या उभ्या ती सांगितली. नवरा, नातेवाईक, मोडलेलं लग्न, जहाजं. रझियाने लाल पेनाला टोपण लावलं.

“बसते,” ती म्हणाली. “पण चित्र आधी मी पाहणार. नको म्हटलं तर ते छापायला या घराबाहेर जाणार नाही. मग सिंह छापा नाहीतर उंट.”

अमीन चपलांसकटच आत आले.

ती बसली ती शाळेत वर्गासमोर बसावं तशी. हसली नाही, पोज घेतली नाही. त्यांच्याकडे सरळ बघत राहिली. अमीनना दर रेघेला वर बघावं लागत होतं आणि दर वेळी ती नजर तिथेच होती. कपाळावरच्या आठ्या त्यांनी काढल्या, डोळ्यांखालचं काळं काढलं. काढताना त्यांच्या लक्षात आलं की हे सगळं आपल्या घरात, आपल्या समोर झालं. ती उठून आली तेव्हा ते बाजूला सरकले. रझियाने चित्र पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

“चालेल?”

“उद्या मी बरोबर येते,” ती म्हणाली. “तिथे सांगते.”

शनिवारी रिक्षात दोघांच्या मध्ये चित्र उभं होतं. नारायण पेठेत केतकरांच्या कचेरीत छापखान्याचा माणूस पिशवी घेऊन दारातच बसला होता. अमीननी चित्रावरचा कागद सोडला.

विजयमालाबाईंनी चित्र पाहिलं, मग रझियाकडे पाहिलं, मग पुन्हा चित्राकडे. केतकरांनीही तेच केलं, पण त्यांना जास्त वेळ लागला.

“वहिनी,” ते अवघडून म्हणाले, “चित्र उत्तम आहे. फक्त, या बाई गिऱ्हाइकावर आता ओरडतील असं वाटतं.”

“पुण्यातच विकायचंय ना पुस्तक?” विजयमालाबाई म्हणाल्या. “मग कुणाला काही वाटणार नाही.” आणि त्या रझियाकडे वळल्या. “मला ही हवी आहे. पण चेहरा तुमचा आहे. तुम्ही सांगाल तसं.”

अमीन बायकोकडे न बघता खिडकीबाहेरच्या सायकली बघत होते. आता ती नाही म्हणाली तर बरोबरच म्हणाली, असं त्यांना वाटून गेलं, आणि त्यामुळे जास्तच भीती वाटली.

रझियाने चित्राच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. फ्लावियाच्या उघड्या खांद्यावर तिरपी, ठसठशीत सही होती. अमीन.

“ही काढा,” ती म्हणाली. “खांद्यावरून.”

“वहिनी, सही नसली तर चित्र कुणाचं हे कळायचं कसं?” केतकर म्हणाले.

“चेहरा कुणाचा हे तरी इतकी वर्षं कुठे कळत होतं?”

केतकरांनी चष्मा पुसायला घेतला. अमीननी झोळीतून रंगांची डबी काढली आणि चहाच्या ट्रेमधल्या पाण्याच्या पेल्यात कुंचला बुडवला. कातडीचा रंग जुळायला वेळ लागला. त्यांनी रझियाच्या मनगटाकडे पाहून त्यात थोडा गेरू वाढवला, आणि आधी ‘न’ गेला, मग ‘मी’, मग ‘अ’. खांदा ओला चकाकत राहिला.

“ओलं नाही नेता येणार,” छापखान्याचा माणूस दारातून म्हणाला.

म्हणून सगळे थांबले. रझियाने चित्र मांडीवर घेतलं आणि फ्लावियाच्या खांद्यावर हलकेच फुंकर घातली. पुन्हा घातली. मग बोटाचं टोक टेकवून पाहिलं. रंग लागला नाही.

“न्या,” ती म्हणाली.