चार स्क्रूंचा बंब

उघडता न येणाऱ्या वस्तूंवर माझ्या भाऊजींनी जन्मभर जेवढा राग धरला, तेवढा साऱ्या वर्धा जिल्ह्यानं मिळून इंग्रजांवरही धरला नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आईवडील लवकर गेले आणि मी ताईच्या पदराला धरून सिंदीला आले, ती लग्न होईपर्यंत त्यांच्याच घरी वाढले. तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही, भोगलेलं सांगते आहे! दिवसा भाऊजी कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होते. पण संध्याकाळी घरी आले की टोपी खुंटीवर, सदरा खाटेवर आणि भाऊजी गोठ्यात. गोठा हे आपलं म्हणायला. गाय तिथून कधीच बाहेर निघाली होती. तिच्या जागी ऐरण, भाता, कानशी, पत्रा कापायची कातर आणि भंगारातून वेचून आणलेल्या नटबोल्टांचे डबे यांचा संसार थाटला होता. गाय बिचारी समोरच्या ओसरीत बांधलेली. पाहुण्याला घरात शिरायचं तर आधी तिच्या तोंडावरून जावं लागे. कोणी बिचकलं की भाऊजी आतून ओरडत, "या, या! घरचीच आहे, लाजू नका!"

डाख लावून भांडं जोडणं किंवा रिव्हेट ठोकून मोकळं होणं हे त्यांच्या मते आळशी माणसाचं काम. "जी वस्तू उघडता येत नाई, ती आपली नाई," ते म्हणत, "आपण नुसते तिले राखून राह्यलो." म्हणून आमच्या घरात सगळं स्क्रूवर चाले. कढईचे कान, पाटाचे पाय, पळीचा दांडा, देवापुढची समईसुद्धा. त्यातही एक नेम होता. शेवटचा स्क्रू अर्धा आटा सैल ठेवायचा. "लय आवळलं का वस्तू धरून बसते, मंग सोडत नाई." या नेमापायी आमचं घर रात्रंदिवस खुळखुळत असे, आणि दर रविवारी सकाळी भाऊजी पेचकस घेऊन स्क्रू पिळत घरभर फिरत. एकदा पंगतीत वाढताना ताईच्या हातात दांडा राहिला आणि पळी वरणात बुडाली. ताई लाजेनं अर्धी झाली. भाऊजींनी मात्र पानावरून उठून तो दांडा पाहुण्यांना फिरवून फिरवून दाखवला, "पाहा, कशी सहज निघते!"

मांजर दूध पितं म्हणून त्यांनी पातेल्याच्या झाकणाला एक कडी बसवली. आधी दाबायची, मग फिरवायची, मग उचलायची. मांजर ती तीन दिवसांत शिकलं. ताईला मात्र शेवटपर्यंत जमली नाही. चहाच्या वेळी ताई मांजराची वाट पाहत बसते असं मी सगळ्या आळीत सांगत फिरले होते, आणि त्याबद्दल माझा कानही पिळला गेला होता. तरीपण ताईनं त्या माणसाला कधी उणा शब्द ऐकू दिला नाही. गोठ्यातली ठोकठोक थांबली की उलट तिलाच करमत नसे. "काऊन हो, बरं नाई काय?" असं ती घरातूनच विचारी.

तर अशा भाऊजींनी माझ्या आंदणासाठी बंब करायला घेतला. आपला जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता तेव्हाची ही गोष्ट. माझ्या लग्नाचा तेव्हा पत्ताही नव्हता. मोडीतला एक तांब्याचा हंडा फाडून, भाजून, ठोकून त्याचा सपाट पत्रा करायलाच त्यांना पावसाळा लागला. पाणी धरायचा भाग डाखानं जोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. पण त्याही आधी, पत्र्याला गोलाई देण्यापूर्वी, त्यांनी टोचा आणि बारकी हातोडी घेतली, आणि ठिपक्याठिपक्यांनी माझं नाव घातलं, 'वेणू'. ताईनं कपाळाला हात लावला. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितो, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? आंदणाच्या भांड्यावर सासरचं नाव घालायचं असतं, तोवर जागा कोरी ठेवायची असते. ताईनं हे सगळं सांगितल्यावर भाऊजी म्हणाले, "जिले देऊन राह्यलो तिचंच नाव टाकीन ना! ती दुसरी कोण, मी ओळखतो काय तिले?" बरं, देणाऱ्याचं तरी नाव घाला, तर तेही नाही. "पाणी गरम लागलं का समजते कोणं देल्लं ते."

पुढं समुद्रपूरचं स्थळ जमलं, आणि तांदळात माझं 'सुलोचना' झालं. बंब मोटारीच्या टपावरून यायचा होता, पण भाऊजींनी तो मांडीवर घेतला आणि त्याचं तिकीट काढायची वेळ आली तेव्हा कंडक्टरशी भांडलेही. सासरी बंब उतरला तो अंगणभर झळकला. सगळ्यांनी वाहवा केली. मग सासूबाई जवळ गेल्या. त्या तोंडानं फटकळ नव्हत्या, पण त्यांचं एक वाक्य घरात चार दिवस पुरत असे. त्यांनी नावावर बोट ठेवलं. "ही वेणू कोण? आमच्या घरात या नावाचं कोणी नाई. नाव तरी बदलून आणा, नाई तर बंब परत न्या."

आंदणातली वस्तू परत जाणं म्हणजे माहेराची केवढी शोभा! मी दोन दिवस रडले. अपमानाचं रडणं होतंच, पण खरं सांगू? माझं नाव त्यांच्याच हातानं पुसायला भाऊजींना बोलवायचं, या विचारानं माझा जीव तुटत होता. शेवटी ताईला पत्र घातलं, आणि पुढच्या रविवारी भाऊजी हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाले.

ते चिडतील असं मला वाटलं होतं. छे! त्यांनी बंब आडवा केला, टिचकी मारून ऐकला, आणि सासूबाईंना अदबीनं म्हणाले, "विहीणबाई, कानशीनं घासलं तर पत्रा पातळ होईल, सहा महिन्यांत गळाले लागेल. वरून पट्टी बसवून देतो." सासूबाईंनी मान डोलावली. बंबाच्या अंगाला भोक पाडता येत नव्हतं, म्हणून त्यांनी चार बारीक नट डाखानं वरून चिकटवले, त्यांवर तांब्याची पट्टी ठेवली, पट्टीवर 'सौ. सुलोचना' टोचलं आणि चार स्क्रू बसवले. दिवस कलला तेव्हा काम झालं. सासूबाईंनी त्याच बंबाचं गरम पाणी त्यांना हातपाय धुवायला दिलं. मी मोटारीपर्यंत पोचवायला गेले, तर भाऊजी इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाले, "वेणू, पट्टीले डाख नाई लावला. चार स्क्रू आहेत. कोणी नसलं का उघडून पाह्यजो." आणि पिशवीतला एक छोटा पेचकस त्यांनी माझ्या हातात कोंबला. मोटार सुटली तेव्हा मी गडबडून 'येते' म्हणाले, आणि जाणारे तर ते होते.

घरात कोणी नसलं की मी पट्टी उघडायची. नाव पाहायचं, परत बसवायचं. एवढंच. चार-पाच वर्षं हे चोरून चाललं. तेवढ्यात सासूबाईंचा एकुलता एक भाऊ हिंगणीला वारला. दिवस उरकून त्या परत आल्या. महिन्याभरानं भाऊजी भेटायला आले, आणि चहाची कपबशी खाली ठेवून सासूबाई एकदम म्हणाल्या, "काऊन वो भाऊ, त्या पट्टीखाली आणखी जागा आहे काय?"

"मी काही आंधळी नाई," त्या माझ्याकडं न पाहता म्हणाल्या. "कायमच्या पट्टीले स्क्रू कायले लागतात? आमच्या सुनबाईचा पेचकस डाळीच्या डब्यात राह्यते, तेबी ठाऊक आहे मले." आणि लगेच पुढं, "माझा भाऊ गेला. आता मले माझ्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाई."

भाऊजी एरवी अशा वेळी पत्र्याच्या जाडीवर व्याख्यान देत. त्या दिवशी सरळ उठले. पट्टी काढली, टोचा घेतला, आणि मान खाली घालून विचारलं, "नाव काय टाकू, बाई?" नव्या नवरीला उखाणा घ्यायला सांगावं तशा सासूबाई पदर तोंडाशी धरून बसल्या. मग म्हणाल्या, "सगुणा." तेवढ्या वर्षांत मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. हातोडीचा आवाज बारीक, चिमणीनं दाणे टिपावे तसा येत होता. काम झाल्यावर सासूबाईंनी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "चांगलं झालं." पट्टी लावायला त्यांनी मला सांगितलं.

आता सासूबाई नाहीत, भाऊजी नाहीत, गेल्या साली ताईही गेली. मला वेणू म्हणणारं तिच्यामागं कोणी उरलं नाही. न्हाणीत बटण दाबलं की पाणी गरम होतं, आणि बंब पोरांच्या मते अडगळ आहे. पण दिवाळीच्या आदल्या दिवशी मी चिंच-मीठ घेऊन बसते आणि सगळा बंब घासून काढते. चार स्क्रू काढते, आम्हा दोघींची नावं घासते. भाऊजींचं नाव कुठंच नाही. फार आठवण येते हो त्यांची. सकाळी अभ्यंगाला मी पोरांना त्याच बंबाचं पाणी देते, कितीही कुरकुरले तरी. मग पट्टी परत बसवते. तीन स्क्रू नीट आवळते, आणि चौथा अर्धा आटा सैल ठेवते.